सांडपाण्याचं काम हाती घेताय, तर आधी हे ऐका

भावा, ग्रामपंचायतीचा सदस्य झालास, अभिनंदन. पण ठेकेदाराच्या नकाशावर लगेच सही ठोकू नकोस. आधी पाणी मोज. जलजीवन मिशनचा, म्हणजे घरोघरी नळाच्या सरकारी योजनेचा, हिशोब माणशी रोज ५५ लिटरचा. १५०० वस्तीला झालं ८२,५०० लिटर, आणि त्यातलं साधारण ८० टक्के, म्हणजे ६६,००० लिटर गटारीत येणार असं धर.

आता जमीन बघ. नदीकाठच्या काळ्या रानात शोषखड्डा, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, चालत नाही, हे मी पैसे घालवून शिकलोय. फूटभर खड्डा काढ, एकदा पाणी मुरू दे, मग परत भर आणि घड्याळ लाव. सकाळी भरलेलं दुपारी तसंच दिसलं, तर शोषखड्ड्याचा नाद सोड. पन्हाळ्याकडच्या तांबड्या मातीत गोष्ट वेगळी, पण तिथंही पिण्याची विहीर लांब पाहिजे.

काळ्या मातीला गाळ खाली बसवणारी गाळटाकी, तिच्यापुढं खडीचा वाफा आणि त्यात कर्दळ. मुळांभोवतीचे जिवाणू घाण खातात, कर्दळ वरचेवर छाटायची एवढंच. जागा मात्र २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणेच्या वर धर.

खरी डोकेदुखी म्हशींची. गोठा धुतला की शेण गटारीत, आणि आठवड्यात खडी चोंदते. आमच्या वाफ्यावर हिरवट साय धरली होती, फावड्यानं खरवडली. गोठ्याचं पाणी उकिरड्याकडं वळव. त्यासाठी घरोघरी वाद घालावा लागेल, चहा पीतच घाल.

गाळ कोण काढणार, हे ठरावात आत्ताच लिहून घे.