‘ग्राँ देराँज्माँ’साठी मराठी शब्द कोणता?

प्रश्न असा आला आहे : कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातील काराके या समुद्रकाठच्या फ्रेंचभाषक गावाचा इतिहास मराठीत लिहिताना ‘ग्राँ देराँज्माँ’ हा शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा येतो, त्याला काय म्हणावे? विचारणाऱ्यांनी कोश पाहून ‘मोठी गैरसोय’ असे लिहिले होते आणि ते त्यांनाच खटकले. खटकणे योग्य आहे, मात्र कोशाने त्यांना फसवलेले नाही. फ्रेंचमध्ये ‘देराँजे’ म्हणजे जागचे हलवणे, व्यत्यय आणणे. पाहुणा यजमानाला ‘माझ्यासाठी तसदी घेऊ नका’ म्हणतो तेव्हा हेच क्रियापद वापरतो आणि बंद पडलेला टेलिफोनही ‘देराँज्माँ’मध्येच असतो. शब्दाच्या पोटात ‘राँ’ म्हणजे ओळ आहे, म्हणून मूळ कल्पना ओळीतून बाहेर काढण्याची. (आपल्या ‘रांग’शी त्याचे ध्वनिसाम्य मोहात पाडणारे आहे, पण त्यावरून नाते जोडू नये.)

या साध्या घरगुती शब्दामागे जे घडले ते असे. आजचा नोव्हा स्कोशिया आणि त्याच्या आसपासचा मुलूख म्हणजे फ्रेंच शेतकऱ्यांनी वसवलेली अकादी. 1713 च्या उट्रेख्टच्या तहाने तिचा मोठा भाग ब्रिटिशांकडे गेला आणि तेथील लोकांनी बिनशर्त राजनिष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला. 5 सप्टेंबर 1755 रोजी ग्राँ-प्रे येथे पुरुषांना आणि दहा वर्षांवरील मुलांना चर्चमध्ये बोलावून कर्नल जॉन विन्स्लो यांनी हुकूम वाचून दाखवला : जमिनी, घरे आणि गुरेढोरे सरकारजमा झाली आहेत आणि तुम्हाला जहाजांवर चढवले जाईल. 1763 पर्यंत दहा हजारांहून अधिक माणसे अशी नेली गेली. कित्येक रोगराईने आणि जहाजे बुडून मेली. एवढ्या संहाराला ज्यांनी तो सोसला त्यांनीच ‘मोठी हलवाहलव’ एवढेच नाव दिले. इंग्रजीत त्याला एकीकडे हकालपट्टी आणि दुसरीकडे ‘ग्रेट अपहीवल’ म्हणतात. यांतला पहिला शब्द करणाऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा भूकंपासारखा, कोणीही कर्ता नसलेला आहे. मराठी शब्द निवडताना हा फरक विसरून चालणार नाही.

मराठीत यासाठी शब्दांची वाण नाही, उलट जवळचे शब्द बरेच आहेत आणि प्रत्येकाची छटा वेगळी आहे. ‘तडीपार’ लगेच बाद करावा, कारण तो आज पोलिसांच्या हुकुमाला आणि गुंडांना चिकटला आहे. ‘विस्थापन’ हा धरणग्रस्तांच्या चळवळींनी जिवंत ठेवलेला शब्द, पण त्याच्या मागोमाग पुनर्वसनाची अपेक्षा येते आणि 1755 मध्ये तसे काहीच मनात नव्हते. ‘हद्दपारी’ अर्थाने बरोबर आहे, फक्त तिच्यात अपराधाला शिक्षा झाल्याचा सूर आहे. ‘देशोधडीला लावणे’ मला सर्वांत जवळचे वाटते, कारण त्यात लावणाराही आहे आणि घरदार गमावून दारोदार झालेली माणसेही आहेत.

मूळ शब्दातील संयम मात्र यांपैकी एकाही शब्दात उतरत नाही. तो एके काळी आपल्याकडे ‘धामधूम’ या शब्दात होता. आज आपण लग्नाची धामधूम म्हणतो, पण जुन्या मराठी पत्रांत मोगलांची धामधूम म्हणजे फौजांची चाल, लुटालूट आणि उजाड झालेली गावे. नेमका तसाच, रोजच्या बोलण्यातला आणि भयंकराला झाकणारा शब्द. आजच्या वाचकापुढे ‘मोठी धामधूम’ लिहिले तर त्याला सनईचौघडे ऐकू येतील, म्हणून तो मोह आवरावा लागतो. पण मूळ शब्द समजावून सांगताना ही तुलना अवश्य द्यावी.

त्याच कागदपत्रांतील आणखी एक शब्द काराकेसाठी अगदी चपखल आहे. ‘रयत परागंदा झाली’ असे आपण वाचतो. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘विखुरलेला’ आणि मराठीतला रूढ अर्थ ‘मुलूख सोडून पळालेला’. काराकेची वस्ती ही जहाजांवर चढवलेल्यांची नाही, त्यातून निसटलेल्यांची आहे. ग्राँ-प्रेत जन्मलेले आलेक्सी लाँद्री 1757 मध्ये काराकेच्या किनाऱ्यावर येऊन राहिले. 1761 मध्ये काराके ज्या उपसागराकाठी आहे तेथील वस्त्यांवर पुन्हा छापा पडला आणि शेकडो माणसे कैद झाली. 1763 मध्ये ब्रिटन आणि फ्रान्समध्ये झालेल्या पॅरिसच्या तहानंतर लोक परतत गेले आणि 1784 मध्ये 34 कुटुंबांना जमिनीची सनद मिळाली. या लोकांना ‘हद्दपार’ म्हटले तर इतिहासच चुकतो. ते परागंदा होते.

2021 च्या जनगणनेत काराकेची लोकसंख्या 4,285 होती आणि बहुतेकांची मातृभाषा फ्रेंच आहे. हा आकडा देताना एक खबरदारी घ्यावी : 2023 च्या आरंभी शेजारचे बा-काराके त्यात विलीन झाले, त्यामुळे तो जुन्या हद्दीचा आहे असे नमूद करावे. तेथे 15 ऑगस्टला, अकादींच्या राष्ट्रीय सणाला, लोक भांडी, शिट्ट्या, हाताला लागेल ते वाजवत रस्त्यावर उतरतात आणि गलका सुरू करतात तो संध्याकाळी 17 वाजून 55 मिनिटांनी.

तेव्हा माझी सूचना अशी की पहिल्या उल्लेखात मूळ शब्द देवनागरीत ठेवावा आणि अर्थ तिथेच सांगावा. पुढे ब्रिटिशांच्या कृतीला ‘हकालपट्टी’, नेल्या गेलेल्यांना ‘देशोधडीला लागलेले’ आणि काराकेच्या पूर्वजांना ‘परागंदा’ म्हणावे. वाक्य असे होईल : “ज्याला अकादी लोक ‘ग्राँ देराँज्माँ’, म्हणजे मोठी हलवाहलव, म्हणतात, त्या 1755 च्या हकालपट्टीत हजारो कुटुंबे देशोधडीला लागली; जी निसटली आणि परागंदा होऊन उत्तरेच्या किनाऱ्याला पोहोचली, त्यांतील काहींनी काराके वसवले.”