गणिताचे दोन्ही पेपर एकाच सत्रात घ्यावेत का?

प्रश्न : मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या सत्रात क्लासिकल आणि क्वांटम मेकॅनिक्स आहेतच. त्यांच्या जोडीला गणिताचे लिनिअर अल्जिब्रा आणि रिअल अ‍ॅनालिसिस हे दोन्ही पेपर घ्यावेत असे वाटते, कारण पुढे भौतिकशास्त्रातून एम.एस्सी. प्रवेशाची ‘जॅम’ ही परीक्षा द्यायची आहे. घरच्यांना हे ओझे पेलवेल असे वाटत नाही. काय करावे?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : या दोन पेपरांना एकच माप लावू नका. लिनिअर अल्जिब्रा अवश्य घ्या. दोन भिंतींच्या मधे तीन सारख्या स्प्रिंगांनी जोडलेली दोन सारखी वस्तुमाने, हे उदाहरण क्लासिकल मेकॅनिक्समध्ये तुम्हाला भेटेलच. त्याची समीकरणे मांडली की पहिल्या ओळीत २, −१ आणि दुसऱ्या ओळीत −१, २ असा मॅट्रिक्स हाती येतो. त्याची आयगेनमूल्ये (मॅट्रिक्स ज्यांची दिशा बदलत नाही अशा सदिशांना तो जितक्या पट करतो त्या संख्या) १ आणि ३. वारंवारतेचा वर्ग या मूल्यांच्या प्रमाणात असतो, म्हणजे दोन्ही वस्तुमाने एकाच दिशेने झुलत असतील तर वारंवारता एका स्प्रिंगवरच्या एकट्या वस्तुमानाइतकी, आणि विरुद्ध दिशांनी झुलत असतील तर तिच्या √३ पट. क्वांटम मेकॅनिक्समध्ये तर मोजमापातून मिळू शकणाऱ्या किमती म्हणजे आयगेनमूल्येच असतात. एकाचा अभ्यास दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतो.

रिअल अ‍ॅनालिसिसचे तसे नाही. एप्सिलॉन-डेल्टाची (म्हणजे सीमा, सातत्य काटेकोरपणे पटवणारी) सिद्धता उतरवायला पाच ओळी पुरतात, पण ती सुचायला अख्खी संध्याकाळ जाऊ शकते, आणि ती सलग मिळावी लागते. भौतिकशास्त्राच्या प्रॅक्टिकलमुळे ती मिळणे अवघड. दोन क्रेडिटचे प्रॅक्टिकल कागदावर किरकोळ दिसते. प्रत्यक्षात थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास तर प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात, म्हणजे ते चार क्रेडिटच्या थिअरीइतकेच ६० तास घेते, शिवाय जर्नल वेगळेच. शिवाय जॅमच्या भौतिकशास्त्राच्या पेपरात गणिती पद्धती म्हणून मॅट्रिक्स, फूरिए श्रेणी, विकलक समीकरणे विचारतात. सिद्धता मागत नाहीत. जॅमला गणिताचा पेपर देणार असाल तर गोष्ट निराळी, मग अ‍ॅनालिसिस टाळून चालणार नाही.

म्हणून अ‍ॅनालिसिस एक सत्र पुढे ढकला, असे माझे मत आहे. तरीही मोह सुटत नसेल, तर ग्रंथालयातून पुस्तक आणून अनुक्रमांच्या प्रकरणातली दहा उदाहरणे उत्तरे न पाहता सोडवून बघा. अर्ज भरण्यापूर्वी दोन्ही विभागांची वेळापत्रके मात्र शेजारी ठेवून वाचा. गणिताचा तास नेमका प्रॅक्टिकलच्या वेळेवर आला, तर सत्रभर कुणाचे तरी लेक्चर बुडणारच.