नॅनोट्यूब एवढी दणकट, मग कॉम्पोझिट का नाही? : वाचकांचे प्रश्न, मटेरियल सायन्सवाल्या बाईंची उत्तरं

प्रश्न : मॅडम, कित्येक वर्षं वाचतोय की कार्बन नॅनोट्यूब पोलादापेक्षा शंभर पट मजबूत आणि वजनाला एक षष्ठांश. मग अजून विमानं नि पूल यांचे का बनत नाहीत? की नुसतीच हवा आहे?

हवा नाहीये हो, नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या अणूंची अतिबारीक पोकळ नळी, पण तो आकडा एका सुट्या नळीचा आहे हे कुणी सांगतच नाही, तिथेच सगळी गोची. 2000 साली अमेरिकेत एका ग्रुपने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या आत एकेक नॅनोट्यूब दोन टोकांना धरून ताणून तोडली, ताकद आली 11 ते 63 गिगापास्कल (ताकद आणि कडकपणा मोजायचं एकक). बांधकामाचं साधं पोलाद अर्ध्या गिगापास्कलच्या आसपास असतं, म्हणजे शंभर पट म्हणायला जागा आहे. पण त्या नळ्या मल्टिवॉल होत्या, एकात एक अशा बऱ्याच, आणि तुटला तो फक्त सगळ्यात बाहेरचा थर, आतल्या नळ्या सरकून मोकळ्या झाल्या. तो आकडा त्या एका थराच्याच जाडीवर काढलेला आहे, अख्ख्या नळीच्या जाडीने भागलं तर बराच खाली येतो.

आता कॉम्पोझिटचा, म्हणजे रेझिनमध्ये नळ्या मिसळून केलेल्या पदार्थाचा, हिशेब करू, सोपा आहे. साधं इपॉक्सी घ्या, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं एक रेझिन, त्याची स्टिफनेस (कडकपणा) धरा 3 गिगापास्कल, नॅनोट्यूबची साधारण 1000. आकारमानाने 1 टक्का नॅनोट्यूब घातल्या आणि सगळ्या एका दिशेत सरळ बसल्या तर कागदावर आकडा 13 च्या आसपास जातो. पण त्या काही एका दिशेत बसत नाहीत, वाट्टेल तशा पडतात, आणि सगळीकडे तोंडं करून पडल्या तर त्यांचा वाटा जेमतेम पाचवा हिस्सा उरतो, म्हणजे 3 अधिक 2, झाले 5. हे सुद्धा प्रत्येक नळी लांब, सुटी आणि रेझिनला घट्ट चिकटलेली आहे असं धरून, जे प्रत्यक्षात कधीच नसतं! विमानाच्या कार्बन फायबरमध्ये 60 टक्क्यांच्या आसपास फायबर असतं, तेही ठरवलेल्या दिशेत. नॅनोट्यूब रेझिनमध्ये नुसत्या ढवळून तेवढ्या भरायला गेलात तर थोड्या टक्क्यांतच रेझिन इतकं घट्ट होतं की साच्यात ओततासुद्धा येत नाही.

आणि चिकटण्याचं तर विचारूच नका. नळीचा पृष्ठभाग ग्रॅफाइटसारखा गुळगुळीत, रेझिनने धरायचं कशाला? बाहेरून ओढलेला जोर रेझिनकडून नळीवर गेला तरच नळीची ताकद कामाला येणार ना, तो जातो इंटरफेसवरून, म्हणजे नळी आणि रेझिन यांच्या सांध्यावरून, आणि तिथेच घसरतं सगळं. माझं सरळ मत आहे की या विषयातली निम्मी भांडणं नळीची नसून इंटरफेसची आहेत. पृष्ठभागावर केमिकल गट चिकटवले की रेझिन धरून ठेवतं, पण ते चिकटवायला नळीची भिंत जागोजाग बिघडवावी लागते आणि मग नळीच थोडी कमजोर होते. एकीकडे मिळवायचं, दुसरीकडे घालवायचं.

प्रश्न : मी एमटेकला आहे. इपॉक्सीत 2 टक्के मल्टिवॉल नॅनोट्यूब घालून सॅम्पल केले तर टेन्साइल स्ट्रेंग्थ (ताणून तोडायला लागणारी ताकद) साध्या इपॉक्सीपेक्षा कमी आली. गाइड म्हणतात परत कर. काय चुकतंय?

बहुतेक गुठळ्या. या नळ्या व्हॅन डर वाल्स बलाने, म्हणजे रेणूंमधल्या आकर्षणाने, एकमेकींना इतक्या बिलगलेल्या असतात की नुसतं ढवळून सुटत नाहीत. दोऱ्याचा गुंता गोंदात बुडवला की गोंद बाहेरूनच लागतो आणि आत कोरडाच राहतो, तसं होतं तुझ्या सॅम्पलमध्ये, आणि ताण आला की तडा त्या गुठळीपासूनच सुरू होतो. म्हणजे तू मजबुती घालायला गेलास आणि घातल्यास चिरा.

2 टक्के सुरुवातीला खूप झाले, 0.1 ते 0.5 मध्ये खेळ आधी. अल्ट्रासॉनिक प्रोब (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारं उपकरण) वापरत असशील तर भांडं बर्फात ठेव, थांबून थांबून चालव, आणि जास्त वेळ चालवलं की छान सुटं होतं या भ्रमात राहू नकोस, सुटं होता होता नळ्या तुटून आखूड होतात आणि आखूड नळीवर जोर पोचतच नाही. थ्री रोल मिल (तीन रोलरमधून रेझिन दाबून मिसळणारं यंत्र) मिळाली तर सोन्याहून पिवळं. हार्डनर (इपॉक्सी घट्ट करणारं रसायन) घालायच्या आधी व्हॅक्यूममध्ये हवा काढ, कारण घट्ट झालेल्या रेझिनमध्ये बुडबुडे अडकतात आणि त्याचं खापर उगाच नॅनोट्यूबवर फुटतं. नायट्रिक-सल्फ्युरिकमध्ये उकळायचा मोह आवर किंवा सौम्य ठेव, अमाइन गट लावलेल्या नळ्या विकत मिळतात, त्या इपॉक्सीशी बाँड करतात.

आणि तुटलेला भाग एसईएमखाली, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली, बघितलास का? बघितल्याशिवाय परत करू नकोस!! तुटलेल्या पृष्ठभागावर नळ्यांची स्वच्छ टोकं लांब बाहेर आलेली दिसली तर पकड कमी, मोठे काळे गोळे दिसले तर डिस्पर्शन (नळ्या सुट्या पसरणं) वाईट, दोन्हीचे इलाज वेगळे आहेत. अजून एक, स्ट्रेंग्थच्याच मागे लागू नकोस, फ्रॅक्चर टफनेस (तडा पुढे जायला होणारा विरोध) पण मोज. तडा पुढे जाताना नळ्या त्याच्या आरपार धरून ठेवतात आणि उपसून निघताना ऊर्जा खातात, त्यामुळे फायदा दिसायचा तर बऱ्याचदा तिथे आधी दिसतो.

प्रश्न : मग वापर कुठे होतो तरी का?

होतो की, भरपूर, फक्त ताकदीसाठी कमी आणि विजेसाठी जास्त. लिथियम आयन बॅटरीच्या इलेक्ट्रोडमध्ये थोड्याशा नॅनोट्यूब घालतात, त्या कणाकणांमध्ये वीज पोचवतात, आज सगळ्यात मोठा खप तिथेच आहे. प्लास्टिकमध्येही तेच. नळ्या इतक्या बारीक नि लांब की 0.1 टक्का किंवा त्याहून कमी घातल्या तरी एकमेकींना टेकत टेकत आरपार रस्ता तयार होतो आणि इपॉक्सीसारखा इन्सुलेटर स्टॅटिक चार्ज वाहून न्यायला लागतो. गंमत म्हणजे इथे सगळ्या नळ्या अगदी सुट्या करण्यापेक्षा थोडं जाळं झालेलं बरं असतं, म्हणजे वरच्या एमटेकवाल्याची डोकेदुखी इथे थोडीफार कामाचीच. 2011 ला गुरूकडे गेलेल्या जुनो यानावर नॅनोट्यूबचे पत्रे वापरलेत ते स्टॅटिकपासून बचावासाठीच.

प्रश्न : ॲस्बेस्टॉससारखा कॅन्सर होतो का याने?

प्रश्न योग्य आहे. 2008 मध्ये उंदरांच्या पोटाच्या पोकळीत लांब मल्टिवॉल नळ्या सोडून बघितल्या तर ॲस्बेस्टॉससारखीच सूज आणि गाठी दिसल्या, आखूड किंवा गुंतलेल्या नळ्यांनी तसं झालं नाही. आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) एमडब्ल्यूसीएनटी-7 नावाचा एक ठरावीक, ताठ प्रकार 2बी गटात टाकलाय, म्हणजे माणसात कॅन्सर होण्याची शक्यता धरलीये, बाकी प्रकारांबद्दल पुरावा अपुरा म्हटलंय. रेझिनमध्ये पक्क्या बसलेल्या नळ्यांची एवढी धास्ती नको, कोरडी पावडर हाताळताना आणि सॅम्पल कापताना-घासताना मात्र फ्यूम हूड, चांगला रेस्पिरेटर, ग्लोव्हज, नो एक्स्क्यूज. कापडी मास्क लावून वजन करणारी पोरं बघितली की माझं डोकं फिरतं.

प्रश्न : नॅनोट्यूबचा शोध जपानच्या इजिमांनीच लावला ना?

1991 च्या त्यांच्या पेपरने जगाचं लक्ष वेधलं हे नक्की. पण पोकळ कार्बन नळ्यांचे फोटो सोव्हिएत शास्त्रज्ञांनी 1952 लाच छापले होते, आणि जपानच्याच एंडोंनी 1976 ला. 2006 मध्ये तर जर्मनीतल्या संशोधकांना सतराव्या शतकातल्या दमास्कस तलवारीत सुद्धा नॅनोट्यूब सापडल्या, आणि अशा तलवारींना पोलाद जायचं ते भारतातलं वुट्झ. घडवणाऱ्याला काय माहीत बिचाऱ्याला.

प्रश्न : अंतराळात जाणारी लिफ्ट कधी?

नॅनोट्यूबची दोरी लागणार निदान 36,000 किलोमीटर. 2013 ला चीनमध्ये वाढवलेली लांबच लांब सलग नळी होती साधारण अर्धा मीटर.