गरोदरपणात चहा पूर्ण सोडायला हवा का? बाळाच्या तब्येतीवर पुढे परिणाम होतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय की चौथा महिना चालू आहे, दिवसाला पाच कप चहा होतो, सासूबाई म्हणतात बाळ काळं होईल आणि मोबाईलवर वाचलंत की अशी मुलं पुढे लठ्ठ होतात. रंगाचं आधी मिटवते. तो आईवडिलांकडून येतो, चहातून नाही.

दुसऱ्या भीतीत मात्र थोडं तथ्य आहे. चहा-कॉफीतलं तरतरी आणणारं कॅफिन वारेतून सरळ बाळापर्यंत जातं आणि ते पचवायची ताकद बाळाच्या यकृतात अजून आलेली नसते. आईचं शरीरही या काळात ते सावकाश बाहेर टाकतं. एरवी 4-5 तासांत निम्मं होणाऱ्या कॅफिनला शेवटच्या तिमाहीत 15 तास किंवा त्याहून जास्त लागू शकतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आकड्यांप्रमाणे 150 मिली चहात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफिन असतं, तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत 50 ते 65. जागतिक आरोग्य संघटना सांगते, रोज 300 च्या वर जात असाल तर कमी करा. ब्रिटन-अमेरिकेतले डॉक्टर 200 वरच थांबवतात. तुमचे पाच कप 150 ते 325 च्या घरात जातात. दोन-तीनवर या, पण हळूहळू. एकदम सोडलात तर डोकं धरतं.

मुलांच्या पुढच्या तब्येतीबद्दलचे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. 2018 च्या नॉर्वेतल्या मोठ्या अभ्यासात जास्त कॅफिन घेणाऱ्या आयांची मुलं जास्त वजनाची निघाली. 2022 च्या अमेरिकेतल्या अभ्यासात मुलांची उंची किंचित कमी भरली, पण लठ्ठपणाचा नीट संबंध दिसला नाही. हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास, म्हणजे कोण किती पितं आणि पुढे काय होतं ते नुसतं नोंदवलेलं. जास्त कॉफी पिणाऱ्यांत सिगारेट ओढणाऱ्याही जास्त असतात. शिवाय ज्यांना मळमळ होते त्यांना कॉफीचा वासच नको होतो, आणि मळमळ बऱ्याचदा गर्भ चांगला वाढत असल्याची खूण असते. मग फरक कॉफीने पडला की कशाने, हे सुटं करणं अवघड. डेन्मार्कमध्ये 2007 साली कॉफी पिणाऱ्या सुमारे 1200 गरोदर बायकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून एका गटाला नेहमीची, दुसऱ्याला कॅफिन काढलेली कॉफी दिली. बाळांच्या जन्मवेळच्या वजनात फरक पडला नाही. म्हणून झालेल्या पाच कपांसाठी जीव जाळू नका.

मला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. मी इथे सोलापुरात बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स आहे. विडी वळणाऱ्या बायका तपासणीला येतात. विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसलं की उठायला सवड नसते, म्हणून भूक लागली की चहा, सोबत फार तर खारी. आणि रक्तवाढीची लाल गोळी? तीही त्याच चहाच्या घोटाबरोबर. घोट गिळायला बरा पडतो म्हणे. पण चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, ते अंगी लागत नाही. गोळ्यांची पट्टी संपते आणि रक्त तिथल्या तिथेच! देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायका रक्ताने कमी आहेत, आणि आईचं रक्त फार कमी असलं तर बाळ कमी वजनाचं, अपुऱ्या दिवसांचं होण्याचा धोका वाढतो. हे कॅफिनइतकं वादाचं नाही.

तेव्हा जेवणाआधी एक तास आणि नंतर एक तास चहा नको. लोहाची गोळी पाण्याने किंवा लिंबूपाण्याने घ्या, कॅल्शियमची वेगळ्या वेळी. भाकरीबरोबर शेंगाचटणी असतेच, वर पालेभाजीवर लिंबू पिळा. एनर्जी ड्रिंक अजिबात नको, त्या डब्यावरच गरोदर स्त्रियांसाठी नाही असं छापलेलं असतं.

शेवटचं हिमोग्लोबिन किती होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. 11 च्या खाली असेल तर चहाचा विचार नंतर, आधी डॉक्टरांना ते दाखवा आणि गोळी कशाबरोबर घेत होता तेही सांगा.