‘ओके’ कशाचे संक्षिप्त रूप?

प्रश्न : आपण सर्रास वापरतो तो ‘ओके’ हा शब्द नेमका कशाचे संक्षिप्त रूप आहे? वरिष्ठांना लिहिताना तो वापरणे योग्य आहे का?

उत्तर : ‘ओके’ हा मुळात वर्तमानपत्री विनोद आहे. १८३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत, विशेषतः बॉस्टनच्या वृत्तपत्रांत, शब्दांचे स्पेलिंग मुद्दाम बिघडवून त्यांची आद्याक्षरे छापण्याची टूम निघाली होती. त्याच लहरीत ‘ऑल करेक्ट’ या शब्दांची सुरुवात ‘ओ’ आणि ‘के’ या अक्षरांनी होते असे भासवून केलेले हे रूप २३ मार्च १८३९ रोजी ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये छापून आले. ‘सारे बरोबर’ अशी ग्वाही देणाऱ्या या दोन अक्षरांतले एकही बरोबर नव्हते, हीच त्यातली गंमत. त्या काळातली अशी बहुतेक रूपे विस्मरणात गेली, पण १८४०च्या निवडणुकीत अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या समर्थकांनी, त्यांच्या जन्मगावावरून पडलेल्या ‘ओल्ड किंडरहुक’ या टोपणनावाची आद्याक्षरे म्हणून तेच ‘ओके’ उचलले. व्हॅन ब्युरेन हरले, शब्द मात्र रुजला. ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने १९६०च्या दशकात हा उगम जुन्या वृत्तपत्रांच्या आधारे मांडला आणि आज तोच सर्वसाधारणपणे ग्राह्य धरला जातो.

आता वापराविषयी. ‘ओके’तून संमती कळते, पसंती कळतेच असे नाही. ‘अहवाल उद्या देतो’ याला ‘ओके’ हे पुरेसे उत्तर आहे. ‘अहवाल कसा वाटला?’ याला तेच उत्तर आले, तर लिहिणाऱ्याचा चेहरा पडतो, कारण तिथे त्याचा अर्थ ‘जेमतेम’ असा होतो. बोलताना आवाजाच्या चढउतारावरून हा फरक उमगतो, लेखनात ती सोय नाही. रजेच्या अर्जाला केवळ ‘ओके’ असे उत्तर आले, तर रजा मंजूर झाली की अर्ज नुसता वाचला गेला, हे अर्जदाराने कसे ओळखावे? वरिष्ठांना ‘ओके’ लिहिण्यात उद्धटपणा आहे असे मला वाटत नाही, मात्र काहींना तो तुटक वाटतो हे खरे. त्यामुळे रोजच्या छोट्या संदेशांत तो खुशाल वापरावा. औपचारिक पत्रात आणि जिथे निर्णय कळवायचा असेल तिथे मात्र ‘मान्य आहे’, ‘मंजूर’ किंवा ‘पत्र मिळाले’ यांपैकी जे म्हणायचे असेल ते स्पष्ट लिहावे.