आईची स्पायरोमेट्री (फुंकून करायची श्वासाची चाचणी) नॉर्मल आली, फक्त एफईएफ २५-७५ कमी आहे. बारीक श्वासनलिका खराब झाल्या का?

तुम्ही लिहिलंय की आई ५८ वर्षांच्या आहेत, जिना चढताना दम लागतो, रात्री खोकला येतो. एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा) अपेक्षेच्या ९१ टक्के, एकूण हवेशी तिचं गुणोत्तर ठीक, एफईएफ २५-७५ मात्र ५६ टक्के आणि खाली छापलंय ‘स्मॉल एअरवे ऑब्स्ट्रक्शन’. मी इंदूरला छातीच्या दवाखान्यात पीएफटी (फुफ्फुसांच्या चाचण्या) करते, अकरा वर्षं झाली. डॉक्टर नाही, तेव्हा औषधाचं त्यांनाच विचारा. पण ती ओळ बहुतेक वेळा मशीनच छापतं. आकडा ठरावीक रेषेखाली गेला की आपोआप उमटते. तिला एवढं घाबरू नका.

एफईएफ २५-७५ म्हणजे जोरात फुंकताना मधली निम्मी हवा सरासरी किती वेगानं बाहेर आली ते. गोम अशी की फुंकर किती लांबली त्यावर हा आकडा नाचतो. परवा रामबागेतले एक आजोबा आले होते. पहिल्या खेपेला साडेतीन सेकंदांत थांबले, आले ७१ टक्के. मग मी “अजून, अजून, अजून, सोडू नका” सुरू केलं. (इथं दिवसभर हेच हिंदीत ओरडते, मराठी ऐकून आजोबांना हसू फुटलं आणि एक फुंकर वाया गेली.) पुढच्या वेळी नऊ सेकंद ओढली, आकडा ५४! फुफ्फुसं तीच, मध्ये गेली पाच मिनिटं. शेवटची हवा हळू येते, ती मोजणीत धरली गेली की सरासरी उतरते. त्यातून निरोगी माणसांतही हा आकडा फार पसरलेला असतो. साठीच्या आसपास ५५ टक्के कित्येकदा हद्दीतच बसतात. टक्क्यांशेजारी झेड-स्कोअर (अपेक्षित सरासरीपासून आकडा किती दूर आहे ते) असेल तर तो बघा. उणे १.६४ च्या खाली गेला तरच कमी म्हणतात.

पण म्हणून आईंचा दम खोटा ठरत नाही. २ मिलिमीटरपेक्षा बारीक नळ्या हजारोंनी, शेजारी शेजारी असतात, त्यामुळे निरोगी फुफ्फुसात एकूण अडथळ्यातला त्यांचा वाटा फार थोडा. त्यातल्या बऱ्याच बुजल्या तरी एफईव्ही-१ हलत नाही. १९६८ मध्ये हॉग, मॅकलम आणि थर्लबेक या संशोधकांनी काढलेल्या फुफ्फुसांत थेट मोजून दाखवलं की एम्फिसीमात (फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या नष्ट होणारा आजार) याच नळ्यांचा अडथळा ४ ते ४० पट वाढलेला असतो. दोन वर्षांनी मीड यांनी या भागाला ‘शांत प्रदेश’ म्हटलं. बरोबरच आहे, तक्रार उशिरा करतो.

म्हणून स्पायरोमेट्री चांगली आणि त्रास मात्र खरा असेल, तर ऑसिलोमेट्रीबद्दल डॉक्टरांना विचारा. तिथं फुंकायचं नसतं. नाकाला चिमटा, दाढ दुखत असल्यासारखे दोन्ही गाल हातांनी दाबून धरायचे आणि नेहमीसारखा श्वास घेत राहायचं. मशीन श्वासावर बारीक लहरी सोडतं. ५ हर्ट्झची लहर खोलवर जाते, २० हर्ट्झची मोठ्या नळ्यांपुरतीच, म्हणून आर-५ (५ हर्ट्झला मोजलेला अडथळा) मधून आर-२० (२० हर्ट्झचा) वजा करून आत कुठं अडतंय याचा अंदाज येतो. हाही अंदाजच, कारण ‘इतक्यावर आजार’ अशी सर्वमान्य रेषा नाही. हवा आत अडकून राहते का, हे काचेच्या केबिनमधल्या चाचणीत आरव्ही (पूर्ण श्वास सोडल्यावरही आत उरलेली हवा) मोजून कळतं.

आणखी एक: दमा असला तरी बऱ्या दिवशी स्पायरोमेट्री अगदी स्वच्छ येते. डॉक्टरांना चाललं तर दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ पीक फ्लो (जोरात फुंकताना हवेचा सर्वाधिक वेग) मोजून वहीत लिहा. रात्रीच्या खोकल्याला ही वही माझ्या मते कुठल्याही एका रिपोर्टपेक्षा जास्त बोलते.

रिपोर्टाचं आलेखाचं पानही मागून घ्या, बरेच जण फक्त आकड्यांचं पान हातात ठेवतात. तीन फुंकरा एकमेकींवर बसतायत का आणि रेघ शेवटी सपाट झालीय का, एवढं पाहा. मध्येच तुटली असेल तर चाचणीच पुन्हा करा. त्या दिवशी आईंना पोटभर पोहे-जिलबी खाऊन आणू नका, श्वासाचा पंप (इनहेलर) आधी किती तास बंद ठेवायचा ते विचारून घ्या, आणि कवळी घट्ट बसत असेल तर तोंडातच राहू द्या. काढली की ओठ नळीवर नीट बसत नाहीत आणि कडेनं हवा निसटते.