वहीत मुलं सापडतात, मी सापडत नाही

ताई, मी ३६ वर्षांची आहे, मुलगी ७ वर्षांची, मुलगा ३ वर्षांचा, नोकरी फुल टाइम. मागच्या महिन्यात ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये प्रत्येकाला स्वतःबद्दल दोन मिनिटं बोलायला सांगितलं, अट एकच, काम आणि घर हे विषय सोडून. मी नाव सांगितलं आणि पुढे काही सुचेचना. घरी आल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून रडले. बहिणीने मला एक जर्नल गिफ्ट दिलंय, त्यात रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या असतात, अकराव्या दिवशी बंद पडलं. मग साधी वही घेतली तर त्यात मुलांचंच लिहिलं जातं, त्याचा ताप, तिची परीक्षा. वाचन राहून गेलं, गाणं राहून गेलं, मैत्रिणी राहून गेल्या. एकदा रात्री लिहिलं की सगळं सोडून कुठेतरी निघून जावंसं वाटतं, आणि लगेच ते पान फाडून बारीक तुकडे करून टाकले, कोणी वाचलं असतं तर? आईने असं लिहावं का? या जर्नलिंगने खरंच काही होतं का, की वेळ असणाऱ्यांची कामं आहेत ही?

---

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली. राहून गेलं, बंद पडलं, सुचेना, लिहिलं जातं. बघ ना, यातल्या एकाही वाक्यात तू नाहीयेस. आपल्या मराठीची ही सोयच आहे, कर्त्याला बाजूला ठेवून अख्खा दिवस सांगता येतो, आवरलं, झालं, पोचवलं, राहिलं, आणि आई झाल्यावर तर आपण हेच व्याकरण बोलायला लागतो. मी पण वर्षानुवर्षं असंच बोलत होते. गाणं राहून गेलं म्हणजे जणू ते कुठल्यातरी स्टेशनवर आपणहून उतरून गेलं. तर तुझ्या वहीत तू सापडत नाहीस याचं कारण मला इथे दिसतं, आणि उपाय पण मला इथूनच सुरू करावासा वाटतो.

आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण दमलेल्या बाईला आणखी एक काम सांगायचं तर त्याने काही होतं का हे आधी सांगायला हवं. जेम्स पेनेबेकर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि सँड्रा बील यांनी कॉलेजातल्या ४६ विद्यार्थ्यांना लागोपाठ ४ दिवस रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. काहींना साधेसुधे विषय दिले आणि बाकीच्यांना आयुष्यातला सगळ्यात त्रास देणारा प्रसंग. १९८६ साली ते छापून आलं. ज्यांनी काय घडलं आणि तेव्हा काय वाटलं हे दोन्ही लिहिलं, ते पुढच्या ६ महिन्यांत कॉलेजच्या दवाखान्यात कमी वेळा गेले. त्यानंतर असे शेकडो प्रयोग झाले आणि सगळे एकत्र धरले तर फायदा दिसतो पण तो लहान आहे, हे मी तुला मुद्दाम सांगतेय, कारण वही घेतली की आयुष्य बदलतं असं सांगणाऱ्यांवर तू विश्वास ठेवू नयेस. लहान फायदा १५ मिनिटांत मिळत असेल तर मला तो पुरेसा वाटतो.

त्या पहिल्या प्रयोगातल्या दोन गोष्टी खास तुझ्यासाठी. एक म्हणजे त्रासाबद्दल लिहिणाऱ्यांना लिहून झाल्या झाल्या बरं वाटलं नव्हतं, उलट मन जड झालं होतं, हलकं वाटायला वेळ गेला. त्या रात्री पान फाडताना तुला जे वाटलं त्यात तुझं काही चुकलेलं नव्हतं गं, लिहिणं आत गेलं की असंच वाटतं. आणि दुसरी, पुढे पेनेबेकरांनी लोकांच्या लिखाणातले शब्द मोजले तेव्हा असं दिसलं की ज्यांना जास्त फायदा झाला त्यांच्या लिखाणात दिवसागणिक 'कारण' आणि 'लक्षात आलं' अशा अर्थाचे शब्द वाढत गेले होते. नुसती भडास रोज तीच आणि तेवढीच काढत राहणाऱ्यांना तेवढा फायदा झाला नाही.

म्हणून तुझ्या त्या फाडलेल्या पानाबद्दल मला हळहळ वाटली. तू वाक्य लिहिलंस आणि 'कारण' यायच्या आधीच फाडलंस.

आता माझं सांगते. माझा धाकटा दोन वर्षांचा होता तेव्हा मी एका वहीत लिहायचे, मोठीची अर्धी वापरून झालेली शाळेची वही होती ती, मागच्या बाजूने उलटी सुरू केलेली, पुढे तिची बेरीज-वजाबाकी आणि मागे मी. ती वही अजून आहे माझ्याकडे. त्यातल्या कितीतरी पानांवर नुसतं 'दमले' असं लिहिलंय, एका पानावर तर तेवढा एकच शब्द आणि त्याच्यावरून धाकट्याने मारलेली निळ्या खडूची आडवी रेघ. आणि मग एक पान आहे, "आज बसमध्ये खिडकीची सीट मिळाली. माझा स्टॉप आला तरी उठू नये असं वाटलं. बस जाईल तिथे जावं." हे लिहून मी वही मिटली होती, घाबरलेच होते, तुझ्यासारखीच. पण फाडलं नाही, फाडायला निवांतपणा पण नव्हता. दुसऱ्या दिवशी तेच पान उघडलं आणि खाली लिहिलं, "कारण बसमध्ये मला कोणी हाक मारत नाही."

इतकंच होतं ते. मला मुलं नको होती असं नाही, घर सोडायचं नव्हतं, मला दिवसातली थोडी मिनिटं अशी हवी होती ज्यात कोणी मला हाक मारणार नाही. आदल्या रात्री ज्या वाक्याची मला भीती वाटली होती त्याच्या पोटात एवढीशी आणि पुरी करता येण्यासारखी गोष्ट निघाली. मग मी एक स्टॉप आधी उतरून चालत यायला लागले आणि घरात स्पष्ट सांगितलं की मी आता वीस मिनिटं उशिरा येणार. त्या चालण्यात मला परत गुणगुणायची सवय लागली, पण ते मी ठरवून केलं नव्हतं, ते नंतर आलं.

तर तू असं कर. तुझी तीन वाक्यं घे, वाचन राहून गेलं, गाणं राहून गेलं, मैत्रिणी राहून गेल्या, एका वेळी एकच घे, आणि ते 'मी' घालून परत लिही. "मी गाणं सोडलं, कारण..." आणि पुढे जे येईल ते येऊ दे. कदाचित येईल की रियाझाला बसले की बाळ उठायचं. कदाचित येईल की एकदा कोणीतरी सहज काहीतरी बोललं आणि मी बंदच केलं. किंवा असं पण येईल की मला ते खरं तर आवडतच नव्हतं, मला आवडतं असं घरच्यांना वाटायचं, आणि तसं असेल तर एक ओझं कमी झालं, ते परत सुरू करायच्या यादीतून काढून टाक. हे लिहिताना स्वतःवर आरोप करायचा नाहीये हां, 'मी सोडलं' मध्ये दोष नाहीये, त्यात फक्त तू आहेस.

मुलांबद्दल लिहिलं जातं याचं फार मनावर घेऊ नकोस. त्याचा ताप लिही, पण त्याच्या पुढे एक वाक्य तुझं. "रात्री दोनला १०१ होता" एवढ्यावर थांबलीस तर ती डॉक्टरांसाठीची नोंद झाली, आणि "रात्री दोनला १०१ होता, घरातले बाकी सगळे झोपलेले, त्याचं गरम कपाळ माझ्या गळ्याला टेकलेलं आणि मला माझ्या आईची खूप आठवण आली" असं लिहिलंस की ती तुझी वही झाली. थर्मामीटरचा आकडा तोच आहे.

बहिणीच्या त्या जर्नलबद्दल, तिने प्रेमाने दिलंय, पण ते बंद पडलं म्हणून तू अपराधी वाटून घेतेस हे मला अजिबात पटत नाही. रोज तीन चांगल्या गोष्टी लिहिणं काहींना मानवतं. पण जी बाई दिवसभर सगळ्यांसमोर हसरं तोंड ठेवतेय तिला रात्री कागदावर पण हसरं तोंड ठेवायला सांगणं मला निर्दयपणाचं वाटतं. ठेवून दे ते कपाटात. तारखा घातलेली वही घेऊच नकोस, रिकाम्या तारखा बघून आणखी एका परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटतं.

वेळेचं म्हणशील तर पहाटे उठून लिही असं मी तुला सांगणार नाही, तुझी झोप आधीच कमी आहे, तिच्यातून कापायचं नाही. क्लासच्या बाहेर वाट बघण्यात, ऑफिसमध्ये लंच ब्रेकच्या शेवटच्या दहा मिनिटांत, मुलगा झोपला आणि हात त्याच्याखाली अडकलाय तेव्हा मोबाइलवर हळू आवाजात व्हॉइस टायपिंग करून, जसं जमेल तसं. आठवड्यात दोनदा झालं तरी चालेल. पेन मात्र वहीलाच रबर बँडने अडकवून ठेव, पेन शोधण्यात जी तीन मिनिटं जातात त्यात लिहायचा मूड पण जातो आणि कोणीतरी हाक पण मारतं.

आणि रात्री पडल्यावर जर उद्याची कामं डोक्यात फिरत असतील तर ती वेगळी, वहीच्या शेवटच्या पानावर लिही. अमेरिकेत २०१८ साली ५७ तरुणांवर एक प्रयोग छापून आला होता, झोपायच्या आधी ५ मिनिटं काहींनी पुढच्या दिवसांची राहिलेली कामं लिहिली, काहींनी आधीच झालेली, तर राहिलेली लिहिणाऱ्यांना सरासरी ९ मिनिटं लवकर झोप लागली. पण ती यादी म्हणजे जर्नल नव्हे, दोन्हीची गल्लत केलीस तर यादी सगळी पानं खाऊन टाकेल.

कोणी वाचलं तर, ही भीती खरी आहे आणि ती असताना खरं लिहिलं जात नाही. मोबाइलमध्ये लॉक लावून लिही, वही ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेव, किंवा ठरवूनच फाड, लिहून झाल्यावर फाडलंस तरी लिहिणं झालेलंच असतं. फक्त 'कारण' लिहून मग फाड. आणि घरात एकदा मोकळेपणाने सांग की ही माझी वही आहे, कोणी उघडायची नाही. मुलीला पण सांग, सात वर्षांच्या मुलीला हे कळतं, आणि आईचं स्वतःचं असं काहीतरी असतं हे तिने बघितलेलं मला फार आवडेल.

ट्रेनिंगमधल्या त्या दोन मिनिटांबद्दल तू इतकी रडलीस म्हणून एक सांगते. डेना राफाएल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ साली आई होण्याच्या काळासाठी 'मॅट्रेसन्स' असा शब्द काढला, इंग्रजीतल्या 'अ‍ॅडोलेसन्स'शी जुळणारा, म्हणजे वयात येणं असतं तसं हे आईपणात येणं. २०१६ साली मेंदूच्या स्कॅनचा एक अभ्यास आला, त्यात पहिलटकरणींच्या मेंदूत गरोदरपणात झालेले बदल २ वर्षांनंतर पण टिकून दिसले. वयात येणाऱ्या मुलीला कोणी स्वतःबद्दल दोन मिनिटं बोल म्हटलं आणि ती गप्प राहिली तर आपण तिला समजून घेतो ना? मग तुला का नाही? लग्नाआधीची ती गाणारी मुलगी जशीच्या तशी परत सापडेल असं मी म्हणत नाही, मला तशी ती सापडली नाही, पण आताची जी आहे तिला काय आवडतं, कशाचा राग येतो हे तिलाच विचारायला हवं ना.

दोन गोष्टी मात्र वही करू शकत नाही. ती घरातली कामं वाटून घेत नाही. तुझ्या पत्रात मुलांच्या बाबांचा एकदाही उल्लेख नाही, का ते मला माहीत नाही, पण लिहिता लिहिता तेच तेच काम आणि तीच तीच चिडचिड परत परत यायला लागली तर ते वहीतून उचलून त्यांच्यासमोर ठेव, शांतपणे, अमुक दोन कामं आजपासून तुमची म्हणून. आणि दुसरं, उदासपणा दोन आठवड्यांहून जास्त रोजच राहिला, कशातच मन लागेना, झोप-भूक उडाली, तर डॉक्टरांकडे जा. स्वतःला किंवा मुलांना काही करावं असे विचार आले, तर एक दिवस पण थांबू नकोस, त्याच क्षणी घरातल्या कोणालातरी उठवून सांग आणि दवाखाना गाठ. 'निघून जावंसं वाटतं' यात नुसता थकवा आहे की त्याच्या पुढचं काही, हे तूच स्वतःला खरं खरं विचार.

आईने असं लिहावं का, विचारलंस. हो, लिहावं. ते वाक्य आज परत लिही, तसंच्या तसं, त्याच्या शेवटी स्वल्पविराम दे आणि 'कारण' लिहून थांब. आज काही आलं नाही तर उद्या उघड. पुढे काय आलं ते मला कळवलंस तर खूप आवडेल, आणि नाही कळवलंस तरी चालेल, ते तुझं आहे.

तुझी,
ताई